जास्तीचे वेढे

आनंद खांबेटे तसा गुणी मुलगा होता. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, नोकरी लागेपर्यंत म्हणून वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसलेला, आणि नोकरी काही लागेना म्हणून तिथेच रुजलेला. दुकान ठाण्यात, नौपाड्याच्या एका गल्लीत. समोर पोळीभाजी केंद्र, शेजारी दातांचा डॉक्टर. अशा सोज्वळ वस्तीत राहून या मुलाला वेड लागलं ते इलेक्ट्रिक गिटारचं.

गिटारचं म्हणण्यापेक्षा एका आवाजाचं. त्याला जाड आवाज हवा होता. नुसता मोठा नव्हे. मोठा तर गणपतीतला कर्णाही असतो. याला हवा होता तो घोगरा, भरलेला, एक सूर धरला की खोलीभर पसरणारा आणि कडांना जरासा फाटणारा. कॅसेटी ऐकून ऐकून त्याच्या डोक्यात तो पक्का बसला होता. वडील म्हणायचे, "रेडिओ असा वाजायला लागला की लोक आपल्याकडे दुरुस्तीला आणतात. आणि तू चांगला आवाज बिघडवायला बसलायस!" वडिलांचं काही चुकत नव्हतं.

१९८८च्या दसऱ्यापर्यंत त्याच्याकडे हजारभर रुपये जमले आणि तो गिटार बघायला निघाला. बरोबर श्रीरंग. हा डोंबिवलीचा, त्यांच्या चौघांच्या बँडचा गायक. गाण्यापेक्षा केस मोठे. पहिली गिटार ठाण्यातल्याच वाद्यांच्या दुकानात पाहिली. कोरी, लालभडक, आरशासारखी चकचकीत. श्रीरंगला ती बघताक्षणीच आवडली. आनंदने तिच्या अंगावर टिचकी मारली तर चहाच्या खोक्यावर मारल्यासारखा आवाज आला, आणि तारा इतक्या उंच की खालून पेन्सिल सरकावी. दुसरी डोंबिवलीत, एका केमिकल कारखान्यातल्या फिटरने दाराच्या उरलेल्या सागवानातून घरी बनवलेली. लाकूड खणखणीत, पण फिटरसाहेबांनी दांडीवरच्या सुरांच्या पट्ट्या नजरेच्या अंदाजाने ठोकल्या होत्या. पाचव्या पट्टीच्या पुढे एक सूर जागेवर लागेल तर शपथ!

तिसरी कल्याणच्या रेल्वे कॉलनीत मिळाली. एक म्हातारा ख्रिश्चन गृहस्थ तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचांना ती वाजवायचा. रंग उडालेला, मागे कमरपट्ट्याच्या बकलचे ओरखडे. आनंदने ती कशालाही न जोडता नुसती छेडली आणि लाकडाला कान लावला. सूर किती तरी वेळ आत फिरत राहिला. "ही," तो म्हणाला. श्रीरंगने तोंड वाकडं केलं, पण नऊशेला व्यवहार झाला. एवढ्यापुरतं आनंदचं डोकं शंभर टक्के बरोबर चाललं होतं हे कबूल करायला हवं.

घोडं अडलं पिकअपवर. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार थरथरली की तिचा आवाज तो वेढ्यांतून विजेच्या रूपात पुढे पाठवतो. वेढे जितके जास्त तितका आवाज जाड. म्हाताऱ्याच्या गिटारचा मूळ पिकअप कधीच गेला होता आणि त्या जागी कुठला तरी अशक्त, ताकासारखा पातळ आवाज देणारा बसवलेला होता. आनंदने जुन्या ट्रान्झिस्टरांचं एक डबडं बनवून त्यातून आवाज फाडून पाहिला. फाटला, पण मुळात पातळ तो पातळच. बाटलीत माशी अडकल्यासारखा गुणगुणायला लागला. परदेशी पिकअप गिटारपेक्षा महाग, आणि तो आणायला कुणाचा तरी काका दुबईला असायला हवा. घरी वेढायला घेतला तर तार तीनदा तुटली. इकडे डिसेंबरात डोंबिवलीत होणाऱ्या बँडच्या स्पर्धेत चौघे नाव देऊन मोकळे झालेले.

अशात एका दुपारी दुकानात दामाजी आला.

दामाजी कोपरीच्या पलीकडे खाडीलगतच्या कोळीवाड्यातला. साठीला टेकलेला, काळाभोर, खांदे अजून वल्हं मारणाऱ्याचे. खाडीतली मासळी संपत गेली तशी होडी विकली. बायको जनाबाई बाजारात मासळी घेऊन बसायची आणि हा बेंजो वाजवायचा. बेंजो म्हणजे तारा लावलेली लांबट पेटी आणि त्यावर टाइपरायटरसारखी बटणं. कोळीवाड्यात हळद म्हटली की ताशा-ढोलकीच्या डोक्यावर बेंजो चढलाच पाहिजे, आणि ठाण्याच्या अलीकडे-पलीकडे दामाजीच्या पार्टीला दोन-दोन महिने आधी सांगून ठेवावं लागे.

"मास्तर, मदीच आवाज जातंय बघ," त्याने चादरीतून बेंजो काढून काउंटरवर ठेवला. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला तो सरसकट मास्तर म्हणायचा.

जॅकची तार सुटली होती. पाच मिनिटांचं काम. आनंदने कथलाचा डाग दिला, दुकानातल्या ॲम्प्लिफायरला बेंजो जोडला आणि म्हणाला, "वाजवून बघा, काका."

दामाजीने वाजवलं. आणि आनंदच्या हातातली कैची हातातच राहिली. जाड, घोगरा, भरलेला, कडेला जरासा फाटणारा. तोच. ज्याच्यासाठी हा कल्याणपर्यंत वणवण हिंडला तो आवाज त्याच्या स्वतःच्या काउंटरवर, हळदीच्या गाण्यातून निघत होता.

"काका, पिकअप कुठला हा?"

"आमचे शिवरामचा," दामाजी हसला. "धाकला भाव माजा. कोपरीत मोटर वायंडिंगच्या दुकानात होता. दुकानातली सगळ्यात बारीक तार आनली, सायकलच्या डायनामोचा चुंबक घेतला, नि बसला वेढायला. पाच हजार वेढे द्याचे होते. मदीच जनीनं जेवायला हाक मारली, तो मोजनी चुकला. आता पयल्यापास्नं कोन मोजल? तार संपेस्तवर वेढत रायला. आमी हसलू त्याला. पन आवाज बघ कसा भरीव आयला." मग बेंजोवरून हात फिरवत म्हणाला, "तो गेला. चार वरसं झाली, कावीळ झालेली."

आनंदने हळहळ व्यक्त केली. खरी केली, खोटी नव्हे. आणि त्याच तोंडाने म्हणाला, "काका, आतलं वायरिंग जुनं झालंय. ऐन लग्नसराईत दगा देईल. दोन दिवस ठेवून जा, सगळं नीट करून देतो. पैसे नकोत."

"देवमानूस हायस," म्हणत दामाजी गेला.

पुढचं काय सांगायचं! त्या रात्री दुकान बंद करायच्या आधी आनंदने बेंजोची वरची पत्र्याची पट्टी उघडली. शिवरामचं वेटोळं लाल सुती दोऱ्याने बांधलेलं होतं, एका बाजूला जरा फुगीर. त्याने ते काढलं आणि त्या जागी गिटारमधला पातळ पिकअप बसवला. मापाला जवळजवळ सारखेच होते. वर काळी टेप गुंडाळली, पट्टी लावली. बाहेरून ओळखू येणं शक्य नव्हतं. स्पर्धा झाली की परत बसवू, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, असं त्याने स्वतःला बजावलं. चोरी हा शब्द त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला आणि त्याने त्याला बाहेर उभं केलं. दोन दिवसांनी दामाजी घाईघाईत आला आणि वाजवून न बघताच बेंजो घेऊन गेला.

डोंबिवलीच्या स्पर्धेत त्यांचा पहिला नंबर आला. परीक्षकांपैकी एकाने गिटारच्या आवाजाबद्दल खास विचारलं, कोणता पिकअप वापरता? आनंद म्हणाला, "घरी वेढलाय." टाळ्या वाजल्या. मग कल्याणच्या कॉलेजात बोलावणं आलं, मग मुलुंडला. तीन आठवड्यांचे दोन महिने झाले. प्रत्येक कार्यक्रमानंतर तो ठरवायचा की आता हा शेवटचा.

जानेवारीच्या शेवटी दामाजी पुन्हा दुकानात आला. चादरीत बेंजो. चेहरा उतरलेला.

"मास्तर, तू आवाजातला मानूस. मी वाजवतंय, तू आयक. नि खरं खरं सांग."

त्याने वाजवलं. तीच बोटं, तेच गाणं, आणि आवाज पातळ, किरकिरा, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. आनंदला तिथे उभं राहवेना.

"मना हल्ली असा बारीक आयकू येतंय," दामाजी म्हणाला. "पार्टीतली पोरं बोलतात, काका, वॉल्यूम वाढव. वाढवला तरी भरत नाय. तू सांग. आवाज तोच हाय का?"

तीन पावलांवर वडील जाळीदार फडक्याने एक जुना रेडिओ पुसत बसले होते. श्रीरंगने शनिवारचा कार्यक्रम घेऊन ठेवला होता. नुसतं 'थांबा काका, आत बघतो' एवढं म्हटलं असतं तरी वाट निघाली असती. पण आनंद म्हणाला, "तोच आहे की, काका. काहीच फरक नाही."

दामाजीने बटणांवरचे हात काढून घेतले. "मंग माजा कानच गेला," तो म्हणाला. "मना वाटलंच होतं. खाडीत एवढी वरसं, कानात पानी जाऊन जाऊन..." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कोनाला बोलू नको हां. जनीला पन नाय. बेंजोवाल्याचा कान गेला म्हनलं की झालं, खलास. मी हात दुखतंय म्हनून सांगन."

आनंदने मान हलवली. दामाजी गेल्यावर वडिलांनी विचारलं, "काय झालं होतं त्यांच्या बेंजोला?" "काही नाही," आनंद म्हणाला. त्या रात्री ताट तसंच ठेवून उठला. आईने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

असं म्हणू नये, पण माणसाला लाज वाटली म्हणून तो लगेच सुधारतो असं काही नसतं. आनंदला लाज वाटत होती, रोज वाटत होती, आणि रोज तो तोच पिकअप वाजवत होता. आता परत करायचा म्हणजे नुसती चोरी कबूल करायची नव्हती. म्हाताऱ्याच्या तोंडावर खोटं बोललो हेही कबूल करायचं होतं. दिवस जातील तसं ते ओझं जड होत गेलं आणि जड झालं म्हणून आणखी पुढे ढकललं गेलं. दामाजीने फेब्रुवारीत पार्टी पोरांच्या हवाली केली. पोरांनी बेंजोच्या जागी कॅसिओचा कीबोर्ड घेतला.

एप्रिलात दामाजी हळदीचं बोलावणं घेऊन आला. एकुलती एक मुलगी, मालू. मुलगा डोंबिवलीच्या मोठागावातला, आगरी, तिने स्वतः पसंत केलेला. दामाजीने वर्षभर नन्नाचा पाढा लावला होता, जातीत पोरं काय मेली काय म्हणून. शेवटी लेकीपुढे नमला होता. "येवाचं हां मास्तर," तो म्हणाला, "तू घरचा हायस."

आनंद गेला. न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं.

संध्याकाळची वेळ, कोळीवाड्यात दारापुढे मांडव, गल्लीभर माणसं. कळव्याहून दुसरी बेंजो पार्टी आणलेली. ज्याने अख्ख्या खाडीकाठच्या पोरींच्या हळदी वाजवल्या त्याच्या स्वतःच्या लेकीच्या हळदीला भाडोत्री बेंजो, ही कुजबुज आनंदच्या कानावर तीन ठिकाणी आली. दामाजी भाताचं मोठं टोप दोन्ही हातांनी उचलून पंगतीकडे नेत होता. तेवढ्यात मालू हळदीने माखलेली, तशीच उठून त्याच्याकडे आली.

"बाबा, एकच गानं वाजव. एकच. माजे हळदीला."

"हात दुखतं गं, बाय."

मालूने त्याच्या हातातल्या टोपाकडे पाहिलं. वीस-पंचवीस माणसांचा भात होता त्यात. "मना ठाव हाय तुजा हात कशानं दुखतंय," ती म्हणाली आणि वळून घरात गेली. दामाजी तिच्या मागे आत गेला आणि थोड्या वेळाने खाली मान घालून बाहेर आला. काय बोलणं झालं ते आनंदला कळलं नाही. त्याने जाणून घेतलंही नाही. त्याला जेवायला बसवलं, जनाबाईने आग्रह करकरून वाढलं, आणि त्याने ते खाल्लं.

लग्न दुसऱ्या दिवशी होतं. त्याला आनंद गेला नाही.

पावसाळा गेला, नारळी पौर्णिमा गेली, गणपती गेले. बँडही हळूहळू पांगला. श्रीरंगला नोकरी लागली आणि केस कापले गेले. आनंदची गिटार भिंतीला टांगलेली राहायची. हवा तसा आवाज आता हात लावला की निघत होता आणि हात लावावासा वाटत नव्हता.

ऑक्टोबरात एका सकाळी दामाजी आला. पुन्हा चादर, पुन्हा बेंजो. या वेळी तो बसलाही नाही.

"ह्यो तू घे, मास्तर. पैसे नको. घरात डोळ्यापुढं असला की जीव कासावीस होतंय. इकायचा तं शिवरामचा हात लागलाय त्याला, परक्याला कसा देऊ? तू आवाजातला हायस. तुज्याकडं रायला तं बरा."

आनंद काउंटरमागून बाहेर येईपर्यंत दामाजी पायऱ्या उतरून गेलासुद्धा. काउंटरवर बेंजो राहिला. आता चोरलेल्या वस्तूवर उरलेली वस्तूही राजीखुशीने मिळाली होती. आनंद मागच्या खोलीत गेला आणि दार लावून रडला. चोवीस वर्षांचा मुलगा, पोरासारखा रडला.

दुपारी त्याने गिटारमधलं शिवरामचं वेटोळं सोडवलं आणि बेंजोत होतं तसं बसवलं. एकही वेढा त्याने दुखावू दिला नाही. पण खरं सांगायचं तर धीर अजूनही पुरता आला नव्हता. कोपरीच्या रस्त्याने चालता चालता त्याने एक साळसूद गोष्ट रचली: आत एक जोड सैल झाला होता काका, माझ्याच नजरेतून सुटला, आता नीट झालं. म्हणजे म्हाताऱ्याला आवाज मिळेल आणि याची अब्रूही राहील. तसा हिशेबी होता मुलगा.

दामाजी ओट्यावर बसला होता. जनाबाई शेजारी मासळीची पाटी धूत होती. आनंदने ती गोष्ट सांगितली, बेंजो घरातल्या जुन्या ॲम्प्लिफायरला जोडला आणि पुढ्यात ठेवला. दामाजी घेईना. "कशाला, बाबा," म्हणाला. आनंदने फारच आर्जवं केली तेव्हा त्याने एक बटण दाबून तार छेडली.

तो घोगरा, भरलेला सूर ओट्यावरून गल्लीत गेला. समोरच्या घरातली बाई दारात आली. दामाजीने दुसरी तार छेडली, तिसरी, मग दोन्ही हात चालू झाले. अर्ध्यातच थांबला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्याने आनंदचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. "माजा कान परत दिलास तू. जने, पाया पड याच्या. हा मानूस नाय, देव हाय."

आणि जनाबाई खरंच ओले हात पदराला पुसून वाकायला लागली.

"नको! मावशी, नको!" आनंद मागे सरकला. "जोड सैल नव्हता झाला. मी काढला होता पिकअप. माझ्या गिटारला लावला. गेल्या नोव्हेंबरात. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो काका, तुमचा कान चांगला होता, मला माहीत होतं की चांगला आहे." एका दमात बोलला आणि मार खायची तयारी ठेवून उभा राहिला.

दामाजीच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. "म्हंजे माजा कान कदी गेलाच नवता?" त्याने मांडीवर थाप मारली. "जने, आयकलंस? मी बरोबर आयकत होतू! आवाज बारीक झालेला तो मना बारीकच आयकू आयला! इतके दीस मी उगाच..." तो हसत सुटला. समोरच्या बाईला ओरडून सांगितलं, गल्लीतून जाणाऱ्या एका माणसाला थांबवून सांगितलं. चोरी, खोटं, त्याच्या लेखी सगळं धुऊन निघालं होतं. त्याला त्याचा कान सापडला होता. आनंदला वाटलं, याने दोन कानाखाली वाजवल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

जनाबाई हसली नाही. नवऱ्याचा हात खरा कशाने दुखत होता ते तिला आजच कळत होतं. ती नवऱ्याकडे बघत होती, मग आनंदकडे बघितलं.

"म्हनून नाय वाजवलं तू? मालूचे हळदीला?"

दामाजीचं हसू थांबलं.

"पोर लग्नापास्नं एकदा पन म्हायेरी आली नाय," जनाबाई आनंदला म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "नारळी पुनवेला नाय, गनपतीला नाय. मी गेली आनाला तं बोलली, बाबाला माजं लगीन नको होतं, म्हनून हात दुखत होता त्याचा. मी पन तेच समजली. घरात बोललू नाय आमी दोगं सा महिने धड." तिने पाटी उपडी घातली. "मना नको सांगू तुजं. माज्या पाया पडू नको नि मी तुज्या पडत नाय. मालूला जाऊन सांग."

"जाऊ दे गं," दामाजी पुटपुटला. "पोरगा आयला ना सोताहून."

"मालूला जाऊन सांग," जनाबाई पुन्हा म्हणाली.

आनंद तसाच स्टेशनवर गेला आणि डोंबिवलीला उतरला. मोठागाव खाडीच्या काठाला. विचारत विचारत घर सापडलं तेव्हा चार वाजले होते. मालू ओसरीवर सुपात सुकट निवडत होती. तिने ओळखलं. "नवपाड्याचा मास्तर ना तू? बाबाला काय झालं?" ती घाबरून उठलीच.

"बरे आहेत. बस तू." आणि उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगितलं. या वेळी काही रचलं नाही, काही गाळलं नाही. तो पिकअप शिवरामकाकांचा होता हे सांगितलं, दामाजीने कुणाला सांगू नको म्हणून विनवलं होतं हे सांगितलं. बोलताना तिच्या तोंडाकडे बघण्याची त्याची हिंमत झाली नाही.

त्याचं सांगून झाल्यावर मालू म्हणाली, "हळदीला तू होतास ना?"

"होतो."

"मी बाबाला बोलली ते आयकलं तू?"

"ऐकलं. हात कशाने दुखतो ते माहीत आहे, असं."

"ते बाहेर बोलली. आत काय बोलली ते नाय आयकलं." तिने सूप बाजूला ठेवलं. "मी बोलली, माज्यासाठी तुजा हात उठत नाय, तं उद्या अक्षता टाकाला पन उठवू नको. तुज्या अक्षता मना नको." तिने मांडीवरची सुकट झटकली. "नि तो खरंच आला नाय. सगळा कोळीवाडा आलता. बाबा घरात दार लावून बसला. मना वाटलं, त्याला तेच पायजे होतं."

आनंदला हे ठाऊक नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं; दामाजीने तर नाहीच. त्याने 'माफ कर' म्हणायचा प्रयत्न केला, पण तो शब्द त्याच्याच कानाला इतका पोकळ लागला की अर्ध्यावर गिळला.

मालू उठली. सुपावर ताट पालथं घातलं, रांजणातल्या पाण्याने हात धुतले, आत वाकून सासूला म्हणाली, "आये, मी कोपरीला जाऊन येते. बाबाकडं." सासूने "आता? एकटी?" असं विचारेपर्यंत तिने चपला पायात सरकवल्या होत्या.

"मी येतो बरोबर," आनंद म्हणाला. "काकांना..."

"तुजं सांगून झालं ना?" मालू म्हणाली. "मंग तू नको आता."

ती निघाली. रस्त्याला लागल्यावर तिचं चालणं पळण्यात कधी बदललं ते तिलाही कळलं नसेल. आनंद ओसरीच्या पायरीशी उभा राहिला. आत जाता येईना, तिच्या मागे जाता येईना. सासूला यातलं काहीच माहीत नव्हतं. सुनेच्या माहेराकडचा पाहुणा म्हणून तिने त्याला तांब्याभर पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "बस रं पोरा, उभा का? घरचाच तू."